दरकरार : रुग्णालयातल्या औषधामागचा कागद

सरकारी रुग्णालयातून मिळालेल्या गोळ्यांच्या पाकिटावर एक ओळ छापलेली असते : 'शासकीय पुरवठा, विक्रीसाठी नाही.' बाजूला कंपनीचं नाव, बॅच नंबर आणि मुदत. हीच कंपनी का निवडली, तिला काय भाव मिळाला आणि त्या भावात औषध चांगलं निघेल याची खातरजमा कुणी केली, हे पाकिटावर कुठंच नसतं. ते असतं दरकरारात. अनेक रुग्णालयांची वर्षाची मागणी एकत्र करायची, निविदा काढायची, भाव बांधून घ्यायचा आणि ठरलेल्या मुदतीत त्याच भावाने लागेल तसं औषध मागवत राहायचं, अशी ही व्यवस्था. सामान्य माणसाला ती कधी दिसत नाही. पण वॉर्डात सलाइन आहे की नाही, केमोथेरपीचं इंजेक्शन परवडणार की नाही, याचा निकाल तिथेच लागतो. म्हणून हा कागद कुठून आला आणि त्यातली कलमं कशामुळे लिहिली गेली, याचा माग काढायला हवा.

रुग्णालयांनी एकत्र येऊन खरेदी करण्याची कल्पना शंभर वर्षांहून जुनी आहे. १९१० मध्ये न्यूयॉर्कच्या रुग्णालयांनी 'हॉस्पिटल ब्युरो' सुरू केला. अमेरिकेतली या प्रकारची ती पहिली संस्था मानली जाते. मागणी मोठी असेल तर विकणारा नमतं घेतो, एवढाच तेव्हाचा विचार. पुढची कित्येक दशकं अशा संस्था हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच होत्या. १९८३ मध्ये चित्र पालटलं. ज्येष्ठांच्या उपचारांचा खर्च उचलणाऱ्या मेडिकेअर या सरकारी योजनेने रुग्णालयांना झालेला खर्च भरून देणं थांबवलं आणि आजाराप्रमाणे आधीच ठरलेली रक्कम द्यायला सुरुवात केली. त्या रकमेपेक्षा जास्त खर्च झाला तर तो रुग्णालयाच्या अंगावर. साहजिकच औषधाचा प्रत्येक डॉलर मोजला जाऊ लागला आणि खरेदीसंस्थांना बरकत आली.

मग एक अवघड प्रश्न पुढे आला. या खरेदीसंस्थांचा खर्च कुणी चालवायचा? अमेरिकेत तो पुरवठादारांकडून घेतला जाऊ लागला. म्हणजे रुग्णालयाच्या वतीने घासाघीस करणाऱ्याचा पगार विकणाऱ्याच्या खिशातून. सरकारी पैशाने होणाऱ्या उपचारांत असं कमिशन घेणं हा तिथे गुन्हा होता. पण १९८६ मध्ये अमेरिकी काँग्रेसने खरेदीसंस्थांना त्या कायद्यातून सूट दिली. १९९१ च्या नियमांनी चौकट आखली : शुल्क ३ टक्के किंवा त्याहून कमी असेल तर तसं करारात लिहायचं, जास्त असेल तर नेमका आकडा किंवा कमाल मर्यादा द्यायची, आणि कोणत्या पुरवठादाराकडून किती रक्कम मिळाली हे रुग्णालयांना वर्षातून एकदा तरी कळवायचं. २००२ मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'ने या व्यवहारावर लेखमाला चालवली आणि सिनेटच्या उपसमितीपुढे सुनावण्या झाल्या. टोचल्यावर सुई आपोआप आत ओढली जाणारी सुरक्षित सिरिंज बनवणाऱ्या लहान उद्योगांची तक्रार होती की, मोठ्या कंपन्यांचे करार आधीच झालेले असल्याने रुग्णालयांची दारं त्यांना बंद आहेत. सूट मात्र आजही कायम आहे. माझ्या मते या सगळ्या व्यवस्थेतला हा मूळ दोष आहे. खरेदीदाराच्या प्रतिनिधीचं उत्पन्न विक्रीच्या रकमेवर अवलंबून असेल, तर भाव पाडण्यातलं त्याचं मन अर्धंच राहणार.

आपल्याकडची वाट वेगळी. इथे एकत्र खरेदी सुरू झाली ती लष्करासाठी. कंपनी सरकारच्या काळात मुंबई, मद्रास आणि कलकत्ता इथे मेडिकल स्टोअर डेपो होते. डेपोंनी इंडेंट पाठवायचं, लंडनहून पेट्या यायच्या. केंद्र सरकारचे औषधभांडार डेपो हे त्याच परंपरेतले आणि मुंबईचा डेपो अजूनही त्यांत आहे. मागणीपत्राला 'इंडेंट' म्हणण्याची सवयही आपल्या रुग्णालयांत तेव्हापासूनच चालत आली आहे. बाजारात मात्र भेसळीचं राज्य होतं. १९३०-३१ मध्ये रामनाथ चोप्रा यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने औषधांची चौकशी केली आणि त्यातून १९४० चा औषध कायदा आला. कायद्याने औषध कसं असावं ते सांगितलं. सरकारने ते कुणाकडून आणि कसं विकत घ्यावं, हा भाग खात्यांच्या नियमपुस्तिकांवर सोडून दिला गेला.

त्या मोकळ्या जागेत काय घडू शकतं, ते मुंबईने १९८६ मध्ये पाहिलं. जानेवारी-फेब्रुवारीत जे. जे. रुग्णालयात १४ रुग्ण एकापाठोपाठ दगावले. मेंदूवरची सूज किंवा डोळ्यातला दाब उतरावा म्हणून तोंडावाटे ग्लिसरॉल देण्याची तेव्हा पद्धत होती. या रुग्णांना दिलेल्या ग्लिसरॉलमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे कारखान्यात वापरायचं विषारी रसायन निघालं. त्याने मूत्रपिंडं निकामी झाली. मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्या आयोगाने चौकशी केली आणि ती बाटलीपाशी थांबू दिली नाही. बाटली रुग्णालयात आणणारा पुरवठादार, त्याला परवाना देणारं अन्न व औषध प्रशासन, रुग्णालयाची खरेदी आणि मंत्रालय, असा माग काढत आयोग वर वर गेला. अहवाल विधिमंडळापुढे आला तेव्हा आरोग्यमंत्री भाई सावंत यांना पायउतार व्हावं लागलं.

लेंटिन अहवाल आजही वाचावा असा आहे. औषधखरेदी हा भांडार विभागाचा कारकुनी विषय आहे, ही समजूत त्याने मोडीत काढली. स्वस्त मिळालेलं औषध वॉर्डात पोहोचण्याआधी तपासलं गेलं का, हा प्रश्न तेव्हापासून टाळता येत नाही. वाईट याचं वाटतं की, या अहवालातून सर्वांत आधी शिकायला हवं होतं ते महाराष्ट्राने, आणि नमुना उभा राहिला तो तामिळनाडूत.

तामिळनाडू वैद्यकीय सेवा महामंडळाची स्थापना जुलै १९९४ मध्ये झाली आणि जानेवारी १९९५ पासून त्याची खरेदी सुरू झाली. त्याआधी तिथेही प्रत्येक खात्याची खरेदी वेगळी होती. एकच गोळी दोन खात्यांत दोन भावांना, एकीकडे मुदत संपलेला साठा आणि दुसरीकडे रिकामं कपाट. सनदी अधिकारी आर. पूर्णलिंगम यांचं नाव या महामंडळाच्या उभारणीशी जोडलेलं आहे. त्यांच्या चमूने खरेदीचा एकेक सांधा नव्याने बसवला आणि त्यातले काही जवळून पाहण्यासारखे आहेत.

पहिलं काम यादीचं. जागतिक आरोग्य संघटनेने १९७७ मध्ये अत्यावश्यक औषधांची पहिली यादी काढली होती. तोच विचार धरून डॉक्टरांच्या समितीने यादी आखूड केली आणि ब्रँडच्या जागी मूळ औषधाचं नाव आणलं. यादी आखूड झाल्यावर प्रत्येक औषधाची मागणी आपोआप फुगली आणि मोठ्या मागणीला भाव मिळाला.

दुसरं, निविदेचे दोन लिफाफे. पहिल्यात कंपनीची पात्रता : उत्पादनाचा परवाना, चांगल्या उत्पादन पद्धतीचं प्रमाणपत्र, ते औषध बाजारात किती वर्षं विकलं त्याचा पुरावा, वार्षिक उलाढाल, कुठल्या राज्याने काळ्या यादीत टाकलेलं नसल्याचं प्रतिज्ञापत्र आणि बयाणा रक्कम. दर फक्त दुसऱ्या लिफाफ्यात. पहिल्या लिफाफ्यात नापास झालेल्याचा दुसरा लिफाफा उघडायचाच नाही. मधल्या टप्प्यात कारखान्याला भेट देऊन तपासणी. उरलेल्यांचे दर सगळ्यांसमोर उघडायचे, तुलनात्मक तक्ता करायचा, आणि सर्वांत कमी दर भरणारा एल-वन. पण सगळी मागणी एकट्या एल-वनच्या झेपेपलीकडची असेल, तर त्यापुढच्या क्रमांकांना विचारायचं : याच दराला द्याल का? होकार देणाऱ्यांनाही वाटा मिळायचा. भाव एक, पुरवठादार एकापेक्षा जास्त.

ही पद्धत नीट समजून घेण्याजोगी आहे. पात्रता आणि दर एकाच वेळी समोर आले, तर कमी दर पाहून पात्रतेकडे कानाडोळा करायचा मोह कुणालाही होतो. लिफाफे वेगळे ठेवल्याने आधी माणूस पारखला जातो, मग त्याचा भाव. आणि पात्रतेच्या अटी हीच खरी रणभूमी असते. उलाढालीची अट फार वर नेली की लहान पण चांगले कारखाने बाहेर पडतात. फार खाली आणली की कालपरवा परवाना घेतलेला व्यापारी आत येतो. विशिष्ट कंपनीलाच बसेल अशी अट घालायची असेल, तर ती इथेच घातली जाते. म्हणून निविदापूर्व बैठकीचं इतिवृत्त वाचणाऱ्याला निकालाचा अंदाज बऱ्याचदा आधीच येतो.

तिसरा सांधा तपासणीचा, आणि जे. जे.च्या चौदा मृत्यूंना तामिळनाडूने दिलेलं खरं उत्तर मला इथे दिसतं. जिल्ह्याच्या गोदामात माल उतरला की तो लगेच वाटायचा नाही, बाजूला ठेवायचा. प्रत्येक बॅचचे नमुने मुख्यालयात जातात. तिथे कंपनीचं नाव झाकून त्यांना सांकेतिक क्रमांक मिळतो आणि यादीवरच्या प्रयोगशाळांपैकी कुठल्या तरी एकीकडे ते पाठवले जातात. आपण कुणाची गोळी तपासतोय हे प्रयोगशाळेला कळत नाही, आणि आपली गोळी कुठे गेली हे कंपनीला. अहवाल आल्याशिवाय पेटी फुटत नाही. नमुना नापास झाला तर माल परत, आणि वारंवार झाला तर कंपनी काळ्या यादीत.

चौथा, पासबुक. प्रत्येक रुग्णालयाच्या नावावर वर्षाची रक्कम जमा असते. गोदामातून औषध उचललं की तेवढी रक्कम वजा होते. त्यामुळे मागणी मुख्यालयाच्या अंदाजावर न राहता डॉक्टरांच्या गरजेवर चालते. अडीअडचणीला स्थानिक खरेदीसाठी दहा टक्क्यांची मोकळीक. महामंडळाचा खर्च या उलाढालीवरच्या सेवाशुल्कातून निघतो, पुरवठादाराच्या कमिशनमधून नाही. अमेरिकी वाटेपेक्षा ही वाट वेगळी ठरते ती इथे.

त्याच १९९४ मध्ये दिल्ली सरकारनेही औषधधोरण आणलं. डॉ. रणजित रॉय चौधरी यांच्या मार्गदर्शनाखाली अत्यावश्यक यादी आणि एकत्रित खरेदी दिल्लीत रुजली. पुढे केरळने महामंडळ काढलं. राजस्थानने २०११ मध्ये महामंडळ स्थापून त्याच वर्षी २ ऑक्टोबरला मोफत औषध योजना सुरू केली. तिची बीजं चित्तोडगढमध्ये जिल्हाधिकारी समित शर्मा यांनी सहकारी भांडारांतून स्वस्त जेनेरिक औषधं विकण्याचा जो प्रयोग केला, त्यात होती. तामिळनाडूचा आराखडा बहुतेकांनी घेतला. निकाल सगळीकडे सारखा लागला नाही. आराखड्याबरोबर पूर्णवेळ माणसं, गोदामं आणि वेळेवर पैसे ज्यांनी दिले, त्यांचं जमलं.

महाराष्ट्रात दीर्घकाळ सार्वजनिक आरोग्य विभाग एकीकडे, वैद्यकीय शिक्षण विभाग दुसरीकडे, आणि मुंबई महापालिकेचं मध्यवर्ती खरेदी खातं तिसरीकडे अशी विभागणी होती. महापालिकेचं खातं आजही केईएम, नायर, शीव या रुग्णालयांसाठी स्वतंत्र दरकरार करतं. औषधखरेदीतल्या गैरव्यवहाराच्या आरोपांवरून विधिमंडळात गदारोळ झाला. त्यानंतर २०१७ मध्ये राज्याने आपल्या दोन्ही विभागांची खरेदी हाफकिन जीव-औषध महामंडळाकडे सोपवली. नाव मोठं होतं. प्लेगवरची लस शोधणाऱ्या वाल्डेमार हाफकिन यांच्या परळच्या संस्थेतून हे महामंडळ जन्मलं आणि पोलिओची लस पुरवण्यात त्याचा लौकिक आहे. पण लस तयार करणं आणि राज्यभरातल्या रुग्णालयांसाठी हजारो वस्तूंच्या निविदा काढणं ही दोन वेगळी कसबं आहेत. खरेदी कक्षाला पुरेशी माणसं नव्हती. विभागांनी मागणी उशिरा कळवायची, पैसे वर्ग व्हायला वेळ, निविदेला प्रतिसाद नाही म्हणून पुन्हा निविदा. शेवटी डॉक्टरांच्या हातात उरायची ती बाहेरून औषध आणण्याची चिठ्ठी.

२०२३ मध्ये विधिमंडळाने कायदा करून महाराष्ट्र वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरण स्थापन केलं. ते बाळसं धरायच्या आतच नांदेडची घटना घडली. डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात सप्टेंबरअखेरच्या चोवीस तासांत २४ रुग्ण दगावले. त्यांत १२ नवजात अर्भकं होती. औषधांचा तुटवडा असल्याचा आरोप झाला, सरकारने तो नाकारला. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली, आणि सुनावणीत नव्या खरेदी प्राधिकरणाला पूर्णवेळ मुख्य कार्यकारी अधिकारी का नाही, हा प्रश्न पुढे आला. तो प्रश्न मला फार मोलाचा वाटतो. कायदा झाला, नाव ठरलं, पण खुर्चीत माणूस नाही. तामिळनाडूने तीस वर्षांपूर्वी सुरुवात केली होती ती माणसापासून.

याच मुंबईत, परळलाच, दुसरी गोष्टही घडत होती. टाटा मेमोरियल सेंटरच्या पुढाकाराने २०१२ मध्ये नॅशनल कॅन्सर ग्रिड हे कर्करोग रुग्णालयांचं जाळं सुरू झालं. डॉ. सी. एस. प्रमेश हे त्याचे समन्वयक. या जाळ्यातल्या २३ केंद्रांनी ४० औषधांची मागणी एकत्र करून कंपन्यांशी वाटाघाटी केल्या. संख्येने ही औषधं थोडी असली, तरी केंद्रांच्या औषधखर्चाचा मोठा हिस्सा त्यांच्यावरच जात होता. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या हिशेबानुसार एकूण बचत सुमारे १,३२० कोटी रुपये, म्हणजे ८२ टक्के. औषधागणिक ती २३ ते ९९ टक्के होती. एकाच कंपनीकडे हक्क असलेल्या औषधांत कमी आणि अनेक कंपन्या बनवतात त्या जेनेरिकमध्ये जास्त. ९९ टक्के या आकड्याशी जरा थांबायला हवं. त्याचा दुसरा अर्थ असा की, एकेकटं रुग्णालय किंवा एकेकटा रुग्ण आजवर जे पैसे मोजत आला, त्यातला औषधाच्या किमतीचा वाटा नखाएवढा होता. घर गहाण ठेवून केमोथेरपी घेणाऱ्या कुटुंबांना हा हिशेब कुणीतरी समजावून सांगायला हवा.

पण भाव पाडत नेण्यालाही मर्यादा आहे आणि तिचा धडा गुजरातमधून मिळाला. नोव्हेंबर २०२२ मध्ये अमेरिकी औषध प्रशासनाचे निरीक्षक इंटास कंपनीच्या साणंदच्या कारखान्यात गेले, तेव्हा त्यांना गुणवत्तेच्या नोंदी फाडून भरलेल्या पिशव्या सापडल्या. उत्पादन थांबलं. अमेरिकेला लागणाऱ्या सिस्प्लॅटिन या कर्करोगावरच्या औषधाचा जवळपास निम्मा पुरवठा याच कारखान्यातून होत होता. २०२३ मध्ये जगातल्या सर्वांत श्रीमंत देशातले कर्करोगतज्ज्ञ, कोणत्या रुग्णाला औषध आधी द्यायचं, याच्या याद्या करत होते. सिस्प्लॅटिन हे जुनं, स्वस्त, जेनेरिक औषध. मोठ्या खरेदीसंस्थांनी वर्षानुवर्षं दर खाली खाली नेले, त्या दरात बहुतेक उत्पादकांना परवडेना आणि मोजकेच उरले. त्यातल्या एकाची गुणवत्ता ढासळली की सगळ्यांच्याच पुरवठ्याला खिंडार. २०१८ मध्ये तिथल्या काही रुग्णालयगटांनी मिळून 'सिव्हिका' ही ना-नफा संस्था काढली होती ती याच भीतीपोटी. दीर्घ मुदतीचे करार, ठरावीक प्रमाणाची हमी आणि हाताशी राखीव साठा, हे तिचं सूत्र.

म्हणूनच एल-वनच्या दराला दोघा-तिघांना वाटा देणारं तामिळनाडूचं कलम मला आज अधिक शहाणपणाचं वाटतं. एकत्र खरेदीत ताकद मोठी असते, तशी चूकही मोठी होते. एका रुग्णालयाने चुकीचा पुरवठादार निवडला तर एका गावाचे हाल होतात; राज्याने निवडला तर राज्याचे. त्यात बिलं थकवण्याची आपली सवय जुनी. राज्यातल्या औषध पुरवठादारांनी थकीत बिलांसाठी पुरवठा बंद करण्याचे इशारे अनेकदा दिले आहेत. पैसे कधी मिळतील हे ठाऊक नसलेला पुरवठादार दर भरतानाच उशिराचं व्याज त्यात मिळवतो, आणि चांगला उत्पादक तर निविदेकडे फिरकतच नाही. वेळेवर बिल चुकतं करणं हा भाव कमी करण्याचा सर्वांत खात्रीचा मार्ग आहे, आणि त्यासाठी नवा कायदा लागत नाही.

दरकराराची माहिती मिळवण्याचा हक्क आपल्याला आहे. सरकारी रुग्णालयात बाहेरून औषध आणायला सांगितलं, तर ती चिठ्ठी आणि दुकानाचं बिल जपून ठेवा. औषध अत्यावश्यक यादीत आहे का, ते विचारा. आणि माहितीच्या अधिकारात एक अर्ज करा. या औषधाचा शेवटचा दरकरार कधी आणि किती पुरवठादारांशी झाला? पुरवठा आदेश कोणत्या तारखेचा, माल कधी आला, बिल कधी चुकतं झालं? आणि त्या बॅचचा तपासणी अहवाल कुठे आहे? अर्जाचं शुल्क दहा रुपये आहे आणि तीस दिवसांत उत्तर देणं कायद्याने बंधनकारक आहे.